खोटी लाकडं

घरमालकीणबाई,

तुम्ही जर्मन, तुम्हाला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं आणि तुम्हाला जाऊन आता दहा वर्षं होऊन गेली, तेव्हा हे पत्र तुमच्यापर्यंत पोचण्याची शक्यता दोन्ही बाजूंनी नाही. तरी लिहितोय. आमच्या घरात तीन आठवडे एकाच गोष्टीवरून धुसफूस चालू आहे, आणि त्या गोष्टीतलं तुमच्याइतकं दुसऱ्या कुणालाच कळलं नसतं. बायकोला दिवाणखान्यातली कोळशाची शेगडी काढून तिथे गॅसची बसवायची आहे. साधी नव्हे, भाजलेल्या मातीची लाकडं रचलेली असतात ती. खाली जाळाची ओळ, वर ते खोटे ओंडके, सालीसकट. एकावर तर फांदी तोडल्याची गाठसुद्धा काढलेली असते. तुमच्याकडे अगदी तशीच होती, म्हणून मी नको म्हणतोय. निदान बायकोला मी तसं सांगितलंय.

विक्रेता शनिवारी सकाळी येऊन गेला. दारात बूट काढून त्याने स्वतःच्या पिशवीतून स्वतःच्या सपाता काढल्या आणि घातल्या, तिथेच मला त्याचा संशय आला. इतकी तयारी करून येणाऱ्या माणसाला काहीतरी खपवायचं असतंच. त्याने टेबलावर रंगीत चित्रं पसरली. चित्रात एक कुटुंब त्या लाकडांसमोर बसून हसत होतं, आणि कुणाच्याही हातात कोळशाची बादली नव्हती. "आल्झो, तर मग," तो म्हणाला, "राख नाही, धूर नाही, एक खटका फिरवला की झालं." माझी मुलगी लगेच चित्रावर ओणवी झाली. मी विचारलं, जळलेला गॅस जातो कुठे? धुराड्यातून वर, तो म्हणाला. ज्योत विझली तर? गॅस आपोआप बंद होतो. आणि ज्योत नीट जळतेय, पण तिला हवाच पुरत नाहीये, असं झालं तर? तो शाळेतल्या पोराला सांगावं तसं म्हणाला, "त्याच्यासाठी तर भिंतीत खाली जाळी असते, डॉक्टरसाहेब. ती कोण कशाला बंद करेल?" मी चित्रं गोळा करून त्याच्या हातात दिली आणि विचार करून कळवतो म्हणालो.

बायकोची बाजू भक्कम आहे, हे मलाही दिसतं. तळघरातून दोन जिने चढून कोळसा वर आणायचा तो तिने, राख खाली न्यायची ती तिने. मी सकाळी साडेसहाला त्सुफेनहाउझेन या उपनगरातल्या कारखान्यात इंजिनांच्या चाचणीला निघून जातो आणि परत येतो तो उबेत. तिचा खोकला ऑक्टोबरात सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत थांबत नाही. तिचा डॉक्टर कोळशाच्या धुळीचं नाव घेतो. ती म्हणते, "अहो, तुमचं नेमकं म्हणणं तरी काय आहे ते एकदा सांगा." मी म्हणतो, गॅस विश्वासघातकी असतो, दिसत नाही की आवाज करत नाही. आणि मग मी तुमची गोष्ट सांगतो.

ही गोष्ट मी फार चांगली सांगतो, घरमालकीणबाई. दिवाळीला इथली मराठी पोरं आमच्याकडे फराळाला येतात, कुणी डॉक्टरेट करणारं, कुणी नुकतंच आलेलं, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच की तुमच्याकडे अजून कोळसा कसा. मग मी सुरू करतो. एक म्हातारी होती, मनाने फार चांगली, पण वयाने विसरभोळी झालेली. एका रविवारी धुराड्याची झडप उघडायलाच विसरली आणि गॅसच्या शेगडीपुढे खुर्चीत झोपली. शेजारीण आली म्हणून वाचली, नाहीतर संपलंच होतं. पोरं चकली हातात तशीच धरून ऐकतात. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, असं म्हणून मी शेवट करतो आणि सगळे माना डोलावतात.

या वेळी मी ती सांगत होतो तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं. "एक विचारू का? ही बाई विसरभोळी होती म्हणता. आणि हीच बाई रोज सकाळी घड्याळ लावल्यासारखी खिडक्या उघडायची, असंही तुम्हीच सांगता. तुमच्या शर्टाचं कुठलं बटण सैल झालंय ते तिला तुमच्याआधी माहीत असायचं. मग नेमकी झडपच कशी विसरली हो?" मी म्हणालो, वय झालं की होतं असं. "हं," ती म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली. लग्नाला नऊ वर्षं झाली. तिच्या त्या 'हं'ची मला धास्ती वाटते.

तुमच्या दारात मी पंचावन्न सालच्या ऑक्टोबरात उभा राहिलो, तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक होती, आईने दिलेला लोणच्याचा डबा होता आणि सोलापूरच्या उन्हात वाढलेलं अंग होतं. तुम्ही मला माळ्यावरची खोली दिलीत. तिथे शेगडी नव्हती, म्हणून संध्याकाळी तुमच्या दिवाणखान्यात खिडकीखालच्या टेबलाशी बसून अभ्यास करायची मुभा दिलीत. पहिल्या हिवाळ्यात मला तुमचाच संशय यायचा. सकाळी तुम्ही शेगडी पेटवता, खोली जरा कुठे माणसात येते, आणि तुम्ही उठून सगळ्या खिडक्या सताड उघडता. जानेवारीत! चांगली दहा मिनिटं. मला वाटतं, भाडेकरूने आपण होऊन निघून जावं म्हणून ही काहीतरी युक्ती असणार. विचारलं तर तुम्ही म्हणता, "शिळी हवा घरात ठेवायची नसते." आमच्याकडे शिळा भात असतो, शिळी पोळी असते, हवा शिळी होते हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आमच्या आईचं शास्त्र उलटं. थंडीत वारं अंगाला लागू द्यायचं नाही. दाराखिडक्यांच्या फटीत बोळे कोंबायचे, कानाला मफलर गुंडाळायचा आणि वारं लागलं की पुढे महिनाभर त्या वाऱ्याला नावं ठेवायची.

जर्मन मला विद्यापीठाने शिकवलं नाही, तुम्ही शिकवलंत. जेवण झालं की वर्तमानपत्र समोर ठेवायचं, एक बातमी मोठ्याने वाचायची, चुकलं की तुमची पेन्सिल टेबलावर वाजायची. रागावलात एकदाच. मी तुम्हाला न विचारता तुमच्या भांड्यात दूध तापवलं आणि ते करपवलं. तुम्ही भांडं उचलून माझ्यापुढे धरलंत आणि म्हणालात, "भांडं गेलं त्याचं काही नाही. पण ह्या घरात आधी विचारायचं आणि मग करायचं." मी मान खाली घातली. पुढचे दोन दिवस तुम्ही मला वाढताना जरा जास्तच वाढत होतात, हे माझ्या लक्षात आलं होतं.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीच्या तोंडावर तुमच्या मुलाने ती गॅसची शेगडी बसवून दिली. कुठल्याशा प्रदर्शनात त्याने ती पाहिली होती. तुमचा आनंद काय सांगू! जिन्यातल्या चारही बिऱ्हाडांना बोलावून तुम्ही ती पेटवून दाखवलीत. आठवड्यातून एकदा तुम्ही ती मातीची लाकडं रंगाच्या ब्रशने झटकायचात, जणू त्यांच्यावर राख पडणार होती. वीस वर्षं कोळसा वाहून तुमचा उजवा खांदा खाली आलेला होता. "आता मरेपर्यंत बादली उचलायची नाही," तुम्ही मला म्हणालात. धुराड्याची झडप कोळशाच्या काळापासूनची होती, ती तशीच राहिली. आणि भिंतीत, जमिनीपासून वीतभर वर, माझ्या टेबलाच्या बरोबर खाली, एक नवी लोखंडी जाळी आली. त्या जाळीतून बाहेरची हवा सरळ आत यायची आणि माझ्या घोट्यांवर आदळायची.

रोज संध्याकाळी तुम्ही विणकाम घेऊन खुर्चीत बसता आणि विचारता, "इस्ट एस वार्म गेनूग?" पुरेशी ऊब आहे ना? आणि रोज मी म्हणतो, "हो, हो, अगदी छान." पायांची बोटं बधिर झालेली असतात आणि मी म्हणतो, अगदी छान. आता यात माझी चूक काय आणि माझ्या वळणाची चूक काय, हे मला अजून नीट वेगळं करता येत नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुण्याने कमी काय ते बोलायचं नाही, तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा थोडं घ्यायचं, अशा घरात मी वाढलो. तुम्ही तर एकदाच विचारायचात आणि उत्तर खरं धरायचात. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझी भीड भिकेवर थांबली नाही. मी न विचारता केलं. डिसेंबरच्या एका संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात असताना मी माझा जुना पंचा चौघडी केला आणि त्या जाळीत गच्च कोंबला. पुढून टेबलक्लॉथ खाली ओढला. दोन मिनिटांत पाय गरम झाले आणि मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

हे करणारा माणूस दिवसभर काय करत होता, ते तुम्हाला ठाऊक आहे. एक भाग इंधन जाळायला पंधरा भाग हवा लागते आणि कमी पडली तर धुरात विष तयार होतं, याच विषयावर मी प्रबंध लिहीत होतो. तक्ते तुमच्याच टेबलावर पसरलेले असायचे. पायाखाली पंचा, टेबलावर तक्ते. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. ते इंजिन होतं आणि हे घर होतं.

तीन आठवडे काहीच झालं नाही, कारण तुम्ही सकाळी खिडक्या उघडत होतात आणि दिवसभर दिवाणखान्याचं दार किलकिलं ठेवत होतात. तुमच्या शिळ्या हवेच्या वेडाने तुम्हाला आणि मला तीन आठवडे जगवलं. मग तुम्हाला सर्दीताप झाला. मुलगा येऊन बजावून गेला की दारंखिडक्या बंद ठेवायची आणि शेगडीपुढे बसून राहायचं. तो रविवार. मी जेवून विद्यापीठात निघून गेलो होतो.

शेजारीण केरवोखेची पाटी द्यायला आली. जिना झाडायची पाळी ज्याची त्याच्या दाराला ती लाकडी पाटी अडकवतात. नावातच केर आहे म्हणून पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. पाटी नुसती अडकवून ती गेली असती तर आज ही गोष्ट वेगळी असती. पण मागच्या आठवड्यात तळघराचा जिना झाडलाच नाही अशी तिची तक्रार होती, म्हणून तिने दार वाजवलं. आणि तुम्ही दार उघडलं नाहीत. तुम्ही आणि केरवोखेच्या भांडणाला दार उघडत नाही, हे तिला पटेना. तिच्याकडे किल्ली होती. आत येऊन तिने दिसेल ते फिरवलं. गॅस बंद केला, झडप ओढली, खिडक्या उघडल्या आणि जिन्यात जाऊन ओरडली.

मी सहा वाजता परत आलो तेव्हा तुम्हाला दवाखान्यात नेलेलं होतं. दिवाणखाना बर्फासारखा गार, पडदे बाहेर उडतायत. शेजारीण मला सगळं सांगून तिच्या घरी गेली आणि मी एकटा उरलो. मला एका क्षणात कळलं, घरमालकीणबाई. नंतर कधीतरी कळलं, असं मी स्वतःला सांगून पाहिलंय, पण ते खरं नाही. मी टेबलाखाली शिरलो, पंचा उपसून काढला, वर खोलीत नेला आणि धुवायच्या कपड्यांच्या पिशवीत तळाशी टाकला. शिवाय परत खाली येऊन टेबलक्लॉथ सारखा करायचं मला सुचलं.

दुसऱ्या दिवशी धुराडी साफ करणारा अधिकारी माणूस आला. त्याने धुराडं तपासलं, मोकळं होतं. शेगडी तपासली, ठीक होती. गुडघ्यावर बसून जाळीत बोट घातलं, उघडी होती. झडपेबद्दल शेजारणीला विचारलं, तर आपण ती ओढली एवढंच तिला आठवत होतं, आधी कशी होती ते नाही. "मग झडपच," तो म्हणाला. तुमच्या मुलाने डोक्याला हात लावला. "आई विसरायला लागली आहे," तो मला म्हणाला, "तुम्ही तर रोज बघता. तुम्हाला काय वाटतं?" मी काय म्हणालो ते तुम्हाला कुणी सांगितलं की नाही, कोण जाणे. मी म्हणालो, वय झालं की होतं असं.

तुम्ही चार दिवसांनी घरी आलात. मुलाने तुम्हाला तुमची चूक समजावून सांगितली. "झडप उघडी होती," तुम्ही म्हणालात. थोड्या वेळाने पुन्हा म्हणालात. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलंत आणि मुलगा ज्या नजरेने बघत होता ती पाहून मिटलंत. मी तिथेच होतो, तुमची शाल हातात घेऊन. पुढच्या आठवड्यात तुम्ही माझे कपडे धुतलेत. ते भाड्यातच धरलेलं होतं आणि ती पिशवी मी लपवून ठेवायला हवी होती. पण चोराच्या मनात चांदणं असलं तरी चोर सोमवार विसरतो, आणि सोमवार हा तुमचा कपड्यांचा वार होता. संध्याकाळी माझ्या पलंगावर कपड्यांची चळत होती आणि सगळ्यांत वर तो पंचा. स्वच्छ धुतलेला, कडक इस्त्री केलेला, चौघडी. त्यावर गंजाच्या चार सरळ रेघा. लोखंडी जाळीच्या रेघा. धुऊनही त्या गेल्या नव्हत्या.

तेव्हापासून मी त्या पंच्याचा अर्थ लावतोय. तुम्ही मला माफ केलं होतंत की पकडलं होतंत? मी खाली येऊन बोलेन म्हणून तुम्ही वाट बघत होतात का? ह्या घरात आधी विचारायचं, हे जिने मला सांगितलं होतं ती बाई एक शब्दही विचारत नाही, याच्यामागे काहीतरी असणार असं मला वाटायचं. जेवताना मी तुमच्याकडे चोरून बघायचो. तुम्ही पेन्सिल वाजवायचात, बातमी पुढे वाचायला सांगायचात. कधी मला वाटायचं, तुम्हाला काहीच कळलेलं नाही, गंजाचे डाग कुठेही लागतात. कधी वाटायचं, मुलाला सांगायला तुम्ही योग्य वेळ शोधताय. तुमच्या प्रत्येक चांगुलपणात मी सापळा शोधत होतो. मला तुमच्याबद्दल असं वाटावं याची आज शरम वाटते, पण वाटत होतं हे खरं आहे.

मुलाने गॅसची शेगडी काढून नेली. तुम्ही पुन्हा बादली उचललीत. मी ती आणायला धावायचो, फार धावायचो, तुम्ही आश्चर्याने बघायचात. तेवढ्याने भागलं नाही. आईला एकटं ठेवणं धोक्याचं, असं मुलाचं आणि सुनेचं ठरलं आणि उन्हाळ्यात तुम्हाला वृद्धाश्रमात नेलं. तिथे एका खोलीत दोघी, खिडकी परिचारिका उघडणार आणि परिचारिकाच बंद करणार. मी दोनदा आलो. दुसऱ्यांदा आलो तेव्हा तुम्ही माझ्यासाठी विणलेले लोकरीचे मोजे दिलेत, गुडघ्यापर्यंतचे, जाडजूड. म्हणालात, "तुम्ही सांगितलं असतंत तर पहिल्याच वर्षी विणले असते." बास, इतकंच. मला बोलायचं होतं ते तेव्हाच बोलता आलं असतं. शेजारच्या पलंगावरची बाई ऐकत होती म्हणून नाही बोललो, असं मी पुढे कितीतरी वर्षं म्हणत आलो. ती बाई बहिरी होती. तुम्ही त्या हिवाळ्याअखेर गेलात.

आता मागच्या मंगळवारचं सांगतो. विक्रेत्याला मी टाळलं तरी बायकोने आमच्या भागातल्या धुराडीवाल्याला बोलावलंच, गॅस बसवता येईल का ते बघायला. काळ्या कपड्यांतला, साठीला आलेला माणूस. त्याने दिवाणखान्यात जाळी कुठे येईल ते खडूने भिंतीवर आखलं. मग स्वयंपाकघरात बसून एक कागद पुढे केला. ही जाळी कोणत्याही कारणाने कधीही झाकणार नाही, खाली सही. मी म्हणालो, वाचून बघतो. वाचण्यासारख्या तीन ओळी होत्या. त्या मी बराच वेळ वाचल्या. बायकोने त्याला कॉफी दिली आणि सहज विचारलं की इतक्या वर्षांत गॅसचे अपघात बरेच पाहिले असतील. तो म्हणाला, "गॅसचे असे थोडेच. बहुतेक वेळा जाळीत काहीतरी असतं. वर्तमानपत्र, उशी, जुनं फडकं. लोकांना पायाला गार लागतं ना. आणि मी पोचेपर्यंत ते काढलेलं असतं." मग कप खाली ठेवून म्हणाला, "कबूल कुणीच करत नाही. अगदी एकसुद्धा नाही." बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

तो गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं, पंच्यापासून मोज्यांपर्यंत. ती शेगडीतली राख काढत होती, ती काढतच राहिली. मला वाटलं होतं की ती रडेल, किंवा म्हणेल की तुम्ही लहान होतात, परक्या देशात होतात, मुद्दाम थोडंच केलंत. मी हे तिच्या तोंडी आधीच घालून ठेवलं होतं, असं म्हणा ना. तिने राखेची बादली बाजूला ठेवली आणि विचारलं, "त्यांच्या मुलाला कळवलंत?"

"नाही."

"तो अजून समजतो की आई वेडसर झाली होती?"

"हो."

"मग मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "माझं काय गेलं होतं?"

आतल्या खोलीतून मुलीने जर्मनमध्ये विचारलं की आई का ओरडते आहे. कुणीच ओरडत नव्हतं. मी कागद घेतला आणि सही केली. येत्या गुरुवारी माणसं येऊन गॅसची नळी टाकणार आहेत. लाकडं कोणती हवीत ते मुलीने निवडलंय, गाठीचं लाकूड असलेलीच हवीत म्हणाली. मला गॅसची भीती कधी वाटलीच नव्हती. आमच्या भिंतीत जाळी आली की तिच्याबद्दल कुणीतरी विचारणार, एवढीच भीती होती, आणि तिच्यापायी मी बायकोला नऊ वर्षं कोळशाची धूळ खायला लावली. तुमच्या मोज्यांचं तिला आजवर सांगितलं होतं, पंच्याचं मात्र नाही.

तुमचा मुलगा तुमच्याच घरात राहतो. पत्ता मला पाठ आहे, दोन वर्षं मी तोच पत्ता आईला पाठवायच्या पत्रांवर लिहीत होतो. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, त्यालाच लिहायला म्हणून बसलो. कोरा कागद घेतला, वर जर्मनमध्ये 'आदरणीय' लिहिलं आणि अर्धा तास पुढे सरकलोच नाही. मग दुसरा कागद घेतला आणि हे मराठीत सुरू झालं. पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेही अडखळलो नाही. इतकं सोपं का जातंय, याचाच मला लिहिता लिहिता संशय यायला लागला, आणि आता कारणही सापडलंय. त्याला लिहिलं तर तो उत्तर देईल. तुम्ही तेव्हाही कुणाला काही बोलला नाहीत, आताही बोलणार नाही, याची मला पक्की खात्री होती. म्हणून तुम्हाला लिहिलं.